अर्जात वारलेले वडील

नोकरीच्या अर्जात मी माझ्या वडिलांना मारून टाकलं. त्याच सकाळी त्यांनी मला कर्जतच्या एसटीत बसवून दिलं होतं आणि गाडी हलताना खिडकीतून भाकरीचं फडकं आत दिलं होतं. प्रकृती ठणठणीत, दात सगळे जागेवर, आणि दुपारपर्यंत त्यांना बालपणीच वारायला लागलं. म्हणजे माझ्या बालपणी.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्या भागात विहिरींचे तळ दिसत होते आणि निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतं. दादा, म्हणजे माझे वडील, जात होते. आई जात होती. मी जात नव्हतो, कारण मी नगरच्या कॉलेजातून बी. ए. होऊन आलो होतो आणि पदवीधराने खडी फोडणं मला शोभेसं वाटत नव्हतं. मी लिंबाखाली सतरंजी टाकून अर्ज लिहायचो. दुपारी आई डोक्यावर पदर, पदरावर पांढरी धूळ अशी घरी यायची आणि विचारायची, "झाला का रं अर्ज?" तिला वाटे, अर्ज म्हणजे काहीतरी शिजायला ठेवतात.

माझे अर्ज शिजत नव्हते याचं कारण त्यांत मसाला फार होता. वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस, कॉलेजच्या नाटकात राजाची भूमिका, एन.सी.सी., श्रमदान शिबिर, आणि शेवटी 'छंद : वाचन, चिंतन'. हे चिंतन मी कुठून आणलं ते आता आठवत नाही. असा अर्ज मी बँकेला पाठवला, शाळांना पाठवला, आणि एकदा पाटबंधारे खात्याकडे, जिथं चिंतन करणाराची नेमकी काय सोय होती देव जाणे. उत्तर कुठूनच आलं नाही.

मग साखर कारखान्याची जाहिरात आली. उत्तरेकडे, कॅनॉलच्या भागात, टाइम ऑफिसात कारकून पाहिजे होता. राहायला क्वार्टर. दादा म्हणाले, "ह्यो अर्ज तुज्या हातचा नको. कर्जतला जा. कचेरीम्होरं मास्तर बसत्यात."

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. कचेरीसमोर टाइपरायटर मांडून बसायचे आणि तालुक्याचं दुःख दोन प्रतींत काढून द्यायचे. त्यांनी माझा कागद पूर्ण वाचला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं तर सगळं झकास चाललंय की. मग नोकरी कशाला पाहिजे?"

"म्हणजे?"

"वाचणाऱ्याला काय वाटंल? पोरगा राजा होतो, चिंतन करतो. करू द्या. ऐका. अर्जात दोनच गोष्टी लागतात. तुम्हाला काय येतं, आणि तुम्हाला नाही घेतलं तर कुणाची चूल विझते. येतं काय तुम्हाला?"

हा प्रश्न कॉलेजात कुणी विचारला नव्हता.

"अक्षर चांगलंय," शेवटी तेच म्हणाले. "इंग्रजी पत्र लिहिता येतं? बेरजा चुकत नाहीत ना? सायकल येते? रातपाळी कराल? झालं मग." आणि खडखड करत त्यांनी माझा राजा, माझं शिबिर, माझं चिंतन सगळं खाली पाडून चार ओळींचा एक अर्ज उभा केला. सुवाच्य अक्षर, मराठी-इंग्रजी पत्रव्यवहार, हिशोबाची सवय, कोणत्याही पाळीत काम करण्याची तयारी. नोकरीचा अर्ज कसा असावा असं आजही मला कुणी विचारलं तर मी त्या चार ओळी दाखवीन. तिथंच थांबलो असतो तर हे सांगायची वेळ आली नसती.

पण खाली हलाखीचा परिच्छेद राहिला होता. तो त्या काळी असायचाच. दाखल्यांच्या नकला जोडाव्यात तशी घरची गरिबी जोडायची. मास्तर त्यांच्या नेहमीच्या चालीत टाइप करायला लागले, "घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून..." आणि माझ्यातला वक्तृत्ववाला जागा झाला.

"मास्तर, हे सगळेच लिहितात. मी सांगतो ते घ्या." आणि मी सांगितलं, "बालपणीच पितृछत्र हरपले असून, जीवनाच्या या खडतर वाटेवर हा पोरका जीव आपल्या कृपाछत्राची प्रतीक्षा करीत आहे." एक छत्र गेलं, दुसरं मागतोय, असा तो डौल होता.

मास्तरांची बोटं थांबली. "वडील कधी गेले?"

"नाही, आहेत."

"मग?"

"परिणामासाठी."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "परिणाम होईल," ते म्हणाले, आणि टाइप केलं.

आईबद्दल मी अवाक्षर लिहिलं नव्हतं. परतीच्या गाडीत मला याचं कौतुकच वाटत होतं, की बघा, आईला आपण या भानगडीत ओढलं नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं, ते घेऊन आधी दादाच नाचले. एकट्या पोराला कोण नोकरी देतो, माणूस बघून देतात, कागद बघून नव्हे, असं त्यांचं मत. मी नाना कारणं सांगितली. कारखाना लांब आहे, ऊन आहे. ते धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून माझ्या आधी स्टँडवर हजर. कारखान्याच्या गेटवर मी म्हणालो, "दादा, तुम्ही इथंच थांबा." ते म्हणाले, "येडा हाय का?" आणि पुढं झाले.

चेअरमन बैठकीवर लोडाला टेकून बसले होते. त्यांना कागद स्वतः वाचायची सवय नव्हती, हेडक्लार्क उभ्याने वाचून दाखवायचा आणि ते डोळे मिटून ऐकायचे. खोलीत आणखी दहावीस माणसं, कुणी उसाच्या नोंदीला आलेलं, कुणी नुसतं आलेलं. त्या सगळ्यांत माझा अर्ज वाचला गेला. सुवाच्य अक्षराला चेअरमननी मान हलवली. रातपाळीला हलवली. मग हेडक्लार्कने आवाज जरा ओला केला आणि म्हणाला, "बालपणीच पितृछत्र हरपले असून..."

मी जमिनीकडे पाहत होतो. फरशीवर मुंग्यांची एक रांग चालली होती, तिच्यात मिसळून निघून जावं असं वाटलं.

वाचून झालं. चेअरमननी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या त्या उंच, फेटेवाल्या, माझ्याच नाकाच्या माणसाकडे पाहिलं.

"आन् हे कोन?"

वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ का होईना बक्षीस होतं. मी पुन्हा मुंग्यांकडे पाहू लागलो. दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदा हेडक्लार्कच्या हातातल्या कागदाकडे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं कळत होतं. त्यांनी हात जोडले.

"चुलता हाय साहेब. थोरला भाऊ गेला, तवापास्नं मीच सांभाळला ह्याला."

दादांना भाऊच नव्हता. ते एकुलते एक.

हे म्हणताना त्यांचा आवाज चिरकला, डोळ्यांना पाणी आलं. चेअरमन म्हणाले, "चुलत्यानं शिकविला. असली बी मानसं हायेत अजून." आणि हेडक्लार्कला म्हणाले, "घ्या ह्याला. चुलत्याकडं बघून घ्या."

म्हणजे दादांचं खरं ठरलं. माणूस बघूनच नोकरी मिळाली.

परतीच्या गाडीत नगरपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी खिडकीबाहेर पाहत होतो. हिरवा ऊस मागं पडला आणि आमच्याकडचं बोडकं रान सुरू झालं, तेव्हा त्यांनी विचारलं, "कशानं मेलो म्हनं मी?"

"तसं अर्जात लिहिलेलं नाही."

"मग ठरवून ठेव. उंद्या कुनी इचारलं तर तुजं येक, माजं येक व्हायला नको."

मी साप सुचवला. ते म्हणाले, सापाला मी कधी हात लावू दिलाय का अंगाला. विहीर म्हटलं, तर पट्टीच्या पोहणाऱ्याला तेही कमीपणाचं वाटलं. शेवटी हिवतापावर तडजोड झाली. उतरताना म्हणाले, "आन् तितं मला दादा म्हनू नको. नाना म्हन." आणि जरा थांबून, "तुज्या आईला ह्यातलं कळाया नको." तेव्हाही मला वाटलं, खोटं बोलल्याबद्दल ती रागवेल म्हणून म्हणतायत.

क्वार्टर मिळाली. दोन खोल्या, वीज, आणि स्वयंपाकघरात भिंतीतून आलेला एक नळ. दादा महिन्या-दीड महिन्यातून नाना होऊन यायचे. कॉलनीत त्यांच्यासारखा लोकप्रिय पाहुणा दुसरा नव्हता. संध्याकाळी पारावर बसायचे आणि थोरल्याच्या गोष्टी सांगायचे. थोरला कुस्ती कशी मारायचा, एका हाताने मोटेचा बैल कसा धरायचा. मी मनात म्हणायचो, मेल्यावर माणूस स्वतःचं एवढं कौतुक करायला मोकळा होतो, मजा आहे.

एकदा ड्यूटीवरून परत येताना मी पारामागून चाललो होतो. ते कुणाला तरी सांगत होते, "पर थोरला लई कडक हुता. पोरगं रांगत यायचं, तर मांडीवर घ्यायची लाज वाटायची त्याला, चारचौघांत. मनात लई असायचं त्याच्या. मला सांगायचा ना. पोराला कधी सांगितलं न्हाई."

मी तसाच पुढे गेलो. घरी येऊन चहा केला. ते आले, तर म्हणाले, "साखर तुज्या कारखान्याची, आन् चा असा फिक्का?" मी डबा काढून आणखी साखर घातली. ते नाना होते तोवर बोलू शकत होते, आणि मी पुतण्या होतो म्हणून ऐकू शकत होतो. दादा आणि मी असं आमचं कधी जमलं नाही.

पण एक चूक त्यांच्याकडूनही झाली. त्यांनी आईला नळ सांगितला. "भितीतनं पानी येतं. कान पिळला की येतं, उलटा पिळला की बंद." आमच्या गावात तेव्हा टँकर येई, तोही कधी येई कधी न येई, आणि त्यामागे भांड्यांची रांग. आईच्या डोक्यावरची चुंबळ दिवसभर निघत नसे. तिने एकच धोशा लावला, मला त्यो नळ बघायचाय. पोराच्या घरी चार दिवस ऱ्हायचंय, नळाखाली बसून केस धुवायचेत.

मला हे फार आधीच कळायला हवं होतं. ज्या दिवशी अर्जात दादा वारले, त्या दिवशी त्याच ओळीत माझ्या आईच्या कपाळावरचं कुंकू गेलं होतं. कॉलनीत सगळ्यांना ठाऊक, ह्याचा बाप लहानपणीच गेला. मग ठसठशीत कुंकू लावून, हिरव्या बांगड्या भरून ही बाई आई म्हणून कशी येणार? हे मला लिहिताना सुचलं नाही, टाइप होताना सुचलं नाही. दादांना त्या बैठकीतच सुचलं असावं, म्हणून तर ते नगरपर्यंत गप्प होते. मला सुचलं ते तिने येते म्हटल्यावर. मग आम्ही दोघं बापलेक तिला थोपवायला लागलो. क्वार्टरला रंग द्यायचाय. गळीत हंगाम चालू आहे. माझी रातपाळी आहे. दादा म्हणायचे, "अगं तितं मळीचा वास येतो, तुजं डोकं उठंल."

संक्रांतीच्या दिवशी ती कुणाला न विचारता आली. दादांना म्हणे बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं, नगरला गाडी बदलली आणि विचारत विचारत कॉलनीत पोचली. मी ड्यूटीवर होतो. किल्ली शेजारी असायची. शेजारच्या वहिनी म्हणजे स्टोअरकीपरची बायको, मनाने फार चांगल्या, मला अधूनमधून कालवण आणून द्यायच्या. त्यांनी कुलूप काढून दिलं, आणि आईच्या कपाळावरच्या कुंकवाकडे एकदा पाहिलं.

पुढचं मी तुकड्यातुकड्याने ऐकलं, काही आईकडून, काही वहिनींकडून.

दुपारी वहिनींकडे हळदीकुंकू होतं. त्यांनी आईला आग्रहाने नेलं. बायका बसल्या होत्या. वहिनींच्या सासूबाई एकेकीला हळदीकुंकू लावत, वाण देत पुढे सरकत होत्या. आईपर्यंत आल्या, तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि कुंकवाची बोटं तशीच घेऊन पुढच्या बाईकडे गेल्या.

आईला वाटलं, म्हातारीचं लक्ष नाही. ती हसून म्हणाली, "मावशी, मी ऱ्हायले की." बायका आपापल्या वाणाकडे पाहू लागल्या. तेव्हा वहिनी तिच्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच, अगदी मायेने म्हणाल्या, "तुमी मनाला लावून घेऊ नका. दिरासंगं पाट लावला म्हनून आमी काय तुमाला नावं ठेवत न्हाई. नाना लई देवमाणूस हायेत. पर आमच्या सासूबाई जुन्या. पहिल्या लग्नाच्या सवाष्णीलाच कुंकू लावायचं, पाटाच्या बाईला न्हाई, असं त्यांच्यात हाय."

कॉलनीने कोडं सोडवलं होतं. बाप मेलेला, चुलता येतो जातो, आणि आई कुंकू लावून आली. म्हणजे विधवा भावजयीशी धाकट्या दिराने पाट लावला. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. माझ्या अर्जावरून दुसरा अर्थ निघतच नव्हता.

आई म्हणाली, "पाट?"

"पोराचा बाप हिवतापानं गेला ना लहानपनी. नानांनीच सांगितलं."

मला आजही कळत नाही की एवढ्या क्षणात तिला किती समजलं. तिला दीर नव्हता हे तिला पक्कं माहीत होतं. देव आणि वाजंत्री साक्षीला ठेवून तिचं लग्न झालं होतं, आणि त्या लग्नातला नवरा पहाटे तिने चहा देऊन खडीवर धाडला होता. एक वाक्य बोलली असती तर सगळं सरळ झालं असतं, आणि माझी नोकरी गेली असती. भोवतीच्या बायकांचे नवरे माझ्याच ऑफिसात होते.

ती म्हणाली, "व्हय."

तिळगूळ पदरात बांधला आणि उठून आली.

मी संध्याकाळी घरी आलो तर दार उघडं. आत पाऊल टाकलं आणि थबकलो. घरातलं एकूण एक भांडं पाण्याने भरलेलं होतं. कळशी, बादली, पातेली तर सोडाच, चहाचे कप भरलेले, वाट्या भरलेल्या, झाकणंसुद्धा उताणी करून भरलेली. हे तिने हळदीकुंकवाला जाण्याआधी केलेलं. ती मात्र उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. गाठोडं सोडलेलं नव्हतं. केस कोरडे होते.

"आई, कधी आलीस?"

"तू बापाला कवा मारलास ते आदी सांग."

मी सगळं सांगितलं. मास्तर, अर्ज, परिणाम, चेअरमन. दादा चुलते कसे झाले तेही. सवयीने मी मध्ये एखादी गंमत पेरून पाहिली, हिवताप कसा ठरला वगैरे. ती हसली नाही. फक्त दादांचा आवाज चिरकला हे सांगितलं, तेव्हा तिने पदर तोंडावर घेतला.

"त्यांनी मला एवढं दिस सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "माज्या कुंकवापायी न्हाई सांगितलं."

"मी उद्या चेअरमनकडे जातो. खरं काय ते सांगतो. नोकरी गेली तर गेली."

"बस खाली. घरात तुज्या पगारावर चूल पेटती. पुना खडी फोडाया धाडतो का मला?"

"मग राहा ना आता. चार दिवस राहा."

"कोन म्हनून ऱ्हाऊ? कुंकू पुसून ऱ्हाऊ का पाटाची म्हनून ऱ्हाऊ? ते तू सांग. तुला लिवायला येतं."

ती उठली, गाठोडं काखेला मारलं. संध्याकाळची नगरची गाडी होती, नगरात तिची बहीण होती. मी म्हटलं, निदान चहा घे. तिने कपातल्या पाण्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

त्या क्वार्टरमध्ये मी पुढं बरीच वर्षं राहिलो. ती तिथं पुन्हा आली नाही. दादाही त्यानंतर नाना म्हणून आले नाहीत. पारावरचे लोक विचारायचे, नाना दिसत नाहीत. मी म्हणायचो, दुष्काळ आहे, कामं आहेत. माणसं म्हणत, त्या माणसाला दगा देऊ नको हो, तुला बापासारखा आहे.

त्या संध्याकाळी स्टँडपर्यंत आई माझ्या पुढे चालत होती. गाडी लागलेली होती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभा होतो, मान वर करून. कंडक्टर घंटी मारणार तेवढ्यात काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "आई, मी मुद्दाम नाही गं केलं. तेव्हा वाटलं, असं काहीतरी लिहिल्याशिवाय कुणी नोकरी देणार नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग सोतालाच येडा लिवायचं. नोकरी बी मिळाली असती, आन् खोटं बी पडलं नसतं."